झाड, वधस्तंभ आणि उघडी पेटी

जेम्स कोन या काळ्या अमेरिकन लेखकाचं 'द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री' हे २०११ साली निघालेलं पुस्तक मी वस्तीतल्या अभ्यासवर्गात वाचायला काढलं, तेव्हा आपल्यातलाच एक पोरगा फाडकन म्हणाला, "दादा, बावीस प्रतिज्ञा घेऊन बसलो आपण, आता येशूचं काय काम? एक देव हाकलला, दुसरा कशाला घरात घ्यायचा?" पोरं हसली. मीही हसलो. त्या हसण्याची नंतर मला लाज वाटली. ती का, ते पुढं सांगतो.

पण पोराचा प्रश्न खोटा नव्हता. ज्यात आपला काडीचा दोष नाही असं दुःख वाट्याला आलं, तर त्याचं करायचं काय? धर्मवाले सांगतात, त्यात अर्थ शोधा. इथला बामणी धर्म सांगतो, मागल्या जन्मीचं पाप आहे, फेड. ख्रिस्ती धर्म सांगतो, प्रभूनंही सोसलं, तूही सोस, तुझं सोसणं वाया जाणार नाही. दोन्हीकडं सोसायचं आपणच. मग फरक काय? आणि फरक असलाच तर तो आपल्या कामाचा आहे का? हा प्रश्न घेऊन मी कोन वाचला. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचला, परत वाचला. माझं मत असं झालं की हे पुस्तक आपल्या प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं, आणि वाचताना त्याच्याशी कडाकडा भांडावं.

* * *

कोन १९३८ साली आर्कान्सा राज्यात जन्मला आणि बिअर्डन नावाच्या लहानशा गावात वाढला. गोऱ्यांची सत्ता, काळ्यांची वेगळी वस्ती, वेगळी शाळा, वेगळं चर्च. आपल्याला हे नवं नाही. गावकूस तेच, भाषा फक्त इंग्रजी. बाप गोऱ्यांपुढं मान न वाकवणारा. रात्री बापाला यायला उशीर झाला की हा पोरगा त्याच्या गाडीच्या दिव्यांची वाट बघत बसायचा. मान न वाकवणाऱ्या काळ्याचं काय होतं, ते पोराला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. १९६९ साली त्याचं पहिलं पुस्तक आलं, 'ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर'. पुढं २०१८ साली मरेपर्यंत तो न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवत होता.

ही सेमिनरी कोलंबिया विद्यापीठाला लागून आहे. रस्ता ओलांडला की आली. याच कोलंबियात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथं भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ मे १९१६ रोजी, त्याच देशात टेक्सास राज्यातल्या वेको शहरात जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या काळ्या शेतमजूर पोराला हजारो लोकांनी भर शहरात, नगरपालिकेसमोर, हालहाल करून जाळलं. फोटोग्राफर हजर होता. त्या फोटोंची पोस्टकार्डं निघाली आणि विकली गेली. लोकांनी ती नातेवाइकांना पाठवली, आपण जत्रेतला फोटो पाठवावा तशी. हे पोस्टकार्ड ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

असं जमावानं पकडून, झाडाला टांगून किंवा जाळून मारायचं, याला तिकडं लिंचिंग म्हणतात. टस्कीगी संस्थेनं ठेवलेल्या नोंदीप्रमाणं १८८२ ते १९६८ या काळात अशी ४,७४३ माणसं मारली गेली. त्यातली ३,४४६ काळी होती. ही नोंद झालेली. न झालेल्यांचा हिशेब कोण देणार?

आता कोनचा मुद्दा. रोमन राज्यात क्रूस म्हणजे काय होतं? गुलामांना आणि बंडखोरांना गावादेखत टांगून मारायचं साधन. डोकं वर काढलं तर असं होईल, हे बघणाऱ्याला सांगायचं साधन. अमेरिकेतलं झाडही त्यासाठीच होतं. मग येशूचा क्रूस आणि काळ्या माणसाचं झाड ही एकच गोष्ट आहे, हे रोज क्रूसावर प्रवचन झोडणाऱ्या गोऱ्या विद्वानांना का दिसलं नाही? काळ्यांच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेल्या अक्षरशत्रू बाईला तर ते सरळ दिसत होतं. ती येशूचं गाणं म्हणायची तेव्हा तिच्या डोळ्यापुढं आपला भाऊ असायचा, आपला नवरा असायचा. वरून मारणाऱ्यांच्याही हातात क्रूसच. कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या टोळीनं १९१५ नंतर क्रूस पेटवून काळ्यांना दहशत घालायची रीत पाडली. एकच लाकूड. एकाला आधार, दुसऱ्याला हत्यार.

आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांनी क्रूसाला मराठी शब्द केला 'वधस्तंभ'. मला हा शब्द आवडतो. 'गळ्यात सोन्याचा वधस्तंभ घातलाय' असं म्हणून बघा, जीभ अडखळते. कोननं पुस्तकभर हेच केलंय. गोऱ्यांनी क्रूसाचा दागिना केला होता, त्यानं दागिन्याचा परत वधस्तंभ केला.

* * *

पुस्तकातलं सगळ्यात कडक प्रकरण राइनहोल्ड नायबूरवरचं आहे. नायबूर हा विसाव्या शतकातला अमेरिकेचा मोठा धर्मचिंतक. १९२८ ते १९६० तो याच युनियन सेमिनरीत शिकवत होता. हार्लेम ही काळ्यांची वस्ती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. अन्याय, सत्ता, माणसाचा अहंकार यावर त्यानं ढीगभर लिहिलं. क्रूसावर तर आयुष्यभर लिहिलं. पण क्रूसाशेजारी ते झाड त्यानं कधी ठेवलं नाही. कोन शिव्या देत नाही. तो नायबूरला मानतो, त्याच्यावर वर्ग घेतो, आणि मग शांतपणे विचारतो: एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्याला हे कसं काय दिसलं नाही?

मित्रांनो, असे नायबूर आपल्या मराठी साहित्यात पैशाला पासरी आहेत. दलित आत्मकथन आलं की ते हळवे होतात. 'वेदना' हा शब्द त्यांनी चघळून चघळून चोथा केला. वेदनेची खोली, वेदनेची उंची, वेदनेचं सौंदर्य. अरे पण ती वेदना दिली कुणी? पाणवठ्यावर हाकलणारा कोण होता, त्याचं आडनाव काय, तो तुमच्या कोणत्या नात्यातला? हे विचारलं की सभा संपते, चहा येतो. वेदनेचं कौतुक करणारा आणि वेदना देणारा एकाच पंगतीला जेवतात, म्हणून त्यांना वेदनेत 'अर्थ' दिसतो. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला आधी काठी दिसते.

तेव्हा समीक्षेची पहिली कसोटी मी कोनकडून घेतली. दुःखाबद्दल जो बोलतो, तो दुःख देणाऱ्याचं नाव घेतो की नाही? घेत नसेल तर त्याचं सगळं तत्त्वज्ञान झाकण आहे.

* * *

आता भांडणाची जागा. मार्टिन ल्यूथर किंग.

किंग सांगायचा की आपला दोष नसताना सोसलेलं दुःख तारक असतं, त्यातून उद्धाराची शक्ती निघते. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या प्रचंड सभेतही त्यानं हे सांगितलं. त्यानंतर अठराच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, बर्मिंगहॅम शहरात काळ्यांच्या चर्चमध्ये गोऱ्यांनी बॉम्ब ठेवला. रविवार होता. चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. अंत्यसंस्काराच्या वेळी किंग परत तेच बोलला, की हे निष्पाप रक्त या शहराला नवं वळण देऊ शकेल.

मी किंगला लहान लेखत नाही. तो स्वतः त्याच वाटेनं मेला. पण अकरा वर्षांच्या पोरीच्या बापाला हे सांगायचं? तुझ्या पोरीच्या रक्तानं गोऱ्याचं मन धुतलं जाईल? म्हणजे मरायचं आमच्या पोरीनं आणि माणूस व्हायचं त्यानं! त्याच्या सुधारणेचा खर्च आमच्या घरातून! बॉम्बवाल्यांपैकी तिघांना शिक्षा झाल्या, त्या १९७७, २००१ आणि २००२ साली. त्या रक्तानं नाही झाल्या. खटले परत उघडणाऱ्यांनी, साक्षीदार शोधणाऱ्यांनी, दप्तरातले कागद बाहेर काढणाऱ्यांनी त्या घडवल्या.

कुणी म्हणेल, १९६४ चा नागरी हक्क कायदा त्या रक्तातूनच आला. रक्तानं कायदा येत असता तर लिंचिंगविरोधी कायदा केव्हाच यायला पाहिजे होता. अमेरिकेच्या संसदेत त्यासाठी सुमारे दोनशे विधेयकं मांडली गेली आणि पडली. कायदा झाला २०२२ साली. इतकी वर्षं रक्त काय कमी सांडलं होतं? रक्त सांडल्यानं कायदा येत नाही. संघटना केल्यानं येतो, रस्त्यावर उतरल्यानं येतो. किंगनंही नेमकं तेच केलं. माँटगोमेरीत ३८१ दिवस काळ्या माणसांनी बसवर बहिष्कार टाकला, मैलोन्‌मैल पायी चालले. माझ्या मते किंगचं वाक्य चुकलं, पाय चुकले नाहीत.

कोन इथं किंगला जरा सांभाळून घेतो. तो म्हणतो, किंगनं दुःख मागून घेतलं नव्हतं, समोर आलेल्याला तोंड दिलं. पटतं, पण अर्धंच. कारण वाक्य माणसापेक्षा लांब जातं. किंगचं चालणं विसरून त्याचं वाक्य तेवढं पाठ करणारे पाद्री जगभर आहेत, आणि मालकांना ते वाक्य फार आवडतं.

* * *

आणि आता ती पेटी.

एमेट टिल, शिकागोचा चौदा वर्षांचा पोरगा, सुट्टीत मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेला. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला असा आळ आला. २८ ऑगस्ट १९५५ च्या रात्री घरातून उचलून नेला, मारला, सरकी काढायच्या यंत्राचा लोखंडी पंखा काटेरी तारेनं गळ्याला बांधून नदीत टाकला. शिकागोला पेटी आली. मिसिसिपीतले अधिकारी म्हणत होते, उघडू नका, पुरून टाका. आईनं, मॅमी टिलनं, पेटी उघडायला लावली. चेहरा म्हणून काही राहिलं नव्हतं. ती म्हणाली, झाकण लावायचं नाही, माझ्या पोराचं काय केलं ते जगाला बघू दे. हजारो माणसं रांग लावून बघून गेली. 'जेट' मासिकानं फोटो छापला. तिकडं मिसिसिपीत बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीनं तासाभरात दोघा आरोपींना निर्दोष सोडलं. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. एकदा सुटलेल्यावर परत खटला चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण त्याच १९५५ च्या डिसेंबरात रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठली नाही, आणि त्या वेळी आपल्या मनात एमेट टिल होता असं तिनं पुढं सांगितलं.

आता ते वेकोचं पोस्टकार्ड आठवा. तोही काळ्या पोराच्या मढ्याचा फोटो, हाही काळ्या पोराच्या मढ्याचा फोटो. एक मारणाऱ्यांनी काढला, मजा म्हणून आणि धाक म्हणून. दुसरा आईनं काढू दिला, साक्ष म्हणून. मढं तेच, दुःख तेच. म्हणजे अर्थ दुःखात नव्हता. फोटो कुणाच्या हातात आहे आणि तो कशासाठी दाखवतोय, त्यात होता. आपल्याकडं २०१६ च्या जुलैत गुजरातमध्ये ऊना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून मारलं. व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढला आणि पसरवला, दहशत बसावी म्हणून. आपल्या लोकांनी तोच व्हिडिओ हातात घेतला, मेलेली गुरं कलेक्टर कचेरीपुढं आणून टाकली आणि म्हणाले, तुमची आई, तुम्हीच उचला. व्हिडिओ तोच, पण तो आता आपली साक्ष झाला.

पण मॅमी टिलच्या गोष्टीत एक अवघड जागा आहे, आणि कोन ती लपवत नाही. तिनं सांगितलं होतं की दुःखात तिला एक आवाज ऐकू आला. तो आवाज तीन गोष्टी बोलला. पहिली, एमेटचं असं मरण आधीपासून ठरलेलं होतं. दुसरी, पोरगा ख्रिस्तासारखा निर्दोष मेला, अशा पोराची आई झालीस याचं धन्य मान. तिसरी, आता तुला काम आहे.

मी या तीन गोष्टींवर फार दिवस अडकलो. पहिली तर सरळ आपल्या ओळखीची आहे. 'ठरलेलं होतं' म्हणजे कपाळावरची सटवी. कर्मसिद्धांत, फक्त कोट घातलेला. ठरलेलं असेल तर मग त्या दोघा खुन्यांचा दोष काय, तेही ठरल्याप्रमाणंच वागले. दुसरी गोष्ट सांत्वन आहे. त्यावर मी एकदम थुंकणार नाही. आख्खं राज्य ज्या पोराला गुन्हेगार म्हणत होतं, त्याला त्याची आई निर्दोष म्हणते, ख्रिस्ताच्या ओळीत उभा करते. तो तिचा निकाल आहे, ज्यूरीच्या निकालाविरुद्ध. आणि तिसरी गोष्ट, काम. ती मात्र आपली आहे. तिनं पेटी उघडली ती तिसऱ्या गोष्टीमुळं. पहिलीवर ती थांबली असती तर पेटी बंदच राहिली असती.

* * *

इथं आपल्यातला कुणी म्हणेल, बघा, म्हणूनच बुद्ध. थांबा. किसा गोतमीची गोष्ट आठवा. मेलेलं लेकरू घेऊन ती भगवंतांकडं येते. ते सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. दारोदार फिरते, मोहरी मिळत नाही, तिला कळतं की मरण सगळ्यांच्या घरी येतं. गोष्ट मोठी आहे. पण एमेटच्या आईला ही गोष्ट सांगून चालेल? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, एकटे भैयालाल राहिले. त्यांना सांगून चालेल? मरण सगळ्यांच्या घरी येतं, खून सगळ्यांच्या घरी येत नाही. झाडाला टांगणं गोऱ्यांच्या घरी गेलं नाही. तिथं मोहरी दारोदार मिळाली असती, फक्त गोऱ्यांच्या दारात. खून झालेल्या घरी मोहरीची गोष्ट सांगणारा भन्ते आणि 'प्रभूची योजना' सांगणारा पाद्री यांत मला फरक दिसत नाही.

हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी चार आर्यसत्यांवर बोट ठेवलं. जगणंच दुःख, जन्मच दुःख असं असेल तर माणसाला आशा कुठली, ही मूळची शिकवण असेल का, असा रोखठोक प्रश्न त्यांनी केला. त्यांच्या ग्रंथात धम्माचं काम म्हणजे दुःख आहे हे ओळखणं आणि ते नाहीसं करणं. आणि त्या दुःखाचा मोठा भाग माणसानं माणसावर लादलेला आहे. ख्रिस्ती धर्मांतरावरचं त्यांचं लिखाण १९८९ साली इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात छापून आलं. त्यात त्यांचा वार नेमका इथंच आहे. मिशनरी अस्पृश्याला सांगतात, तुझं पतन तुझ्या मूळ पापामुळं. बाबासाहेब म्हणतात, पतन भोवतालच्या समाजव्यवस्थेमुळं आहे. ज्याला पापी म्हणून शिकवलं तो क्षमा मागत बसतो. ज्याला व्यवस्था दाखवली तो ती मोडायला उठतो.

बाबासाहेबांचा हा प्रश्न कोनला लावला तर कोन पास होतो का? बराचसा होतो. त्याच्या पुस्तकात काळा माणूस पापी नाही, टांगलेला आहे. पापी टांगणारा आहे. आणि कोन स्वच्छ लिहितो की दुःखात स्वतःहून तारक असं काहीच नाही. हे त्यानं लिहिलं त्यामागं काळ्या बायांचा मार आहे. डेलोरेस विल्यम्स या बाईनं १९९३ साली 'सिस्टर्स इन द विल्डरनेस' लिहून विचारलं, दुसऱ्यांसाठी सोसणारा येशू आमच्यापुढं आदर्श म्हणून कशाला ठेवता? आम्ही काळ्या बायांनी गुलामीत गोरीची पोरं पाजली, तिच्या जागी राबलो, मालकाचं अंगावर घेतलं. दुसऱ्याच्या जागी सोसणं हेच आमचं आयुष्य होतं. तेच क्रूसावर पवित्र करून आम्हाला परत देता? तिच्या मते येशू तारतो तो त्याच्या जगण्यानं, मरणानं नाही. कोन हे मान्य करतो, पण क्रूस सोडत नाही. त्याचं म्हणणं, देव टांगलेल्याच्या बाजूनं आहे आणि हरलेल्यातून जीत काढतो, ही श्रद्धा काढली तर माझ्या लोकांना कशानं उभं केलं तेच सांगता येणार नाही.

आणि इथं मी कोनला सोडतो. विल्यम जोन्स या काळ्या विचारवंतानं १९७३ सालीच 'इज गॉड अ व्हाइट रेसिस्ट?' असं सरळ नाव देऊन पुस्तक लिहिलं होतं. देव आमच्या बाजूनं आहे म्हणता, तर पुरावा दाखवा. ३,४४६ झाडं हा पुरावा कुणाच्या बाजूचा? कोनच्या या पुस्तकातही त्याचं उत्तर मला सापडलं नाही. देव सोबत रडतो एवढंच सापडलं. सोबत आणि निवारण या दोन गोष्टी आहेत. सोबत रात्रीपुरती. दुःख काढायचं तर दुसरं काहीतरी लागतं.

हाच विचार आपल्या उंबऱ्यावर आणला अरविंद निर्मळ यांनी. हे मराठी ख्रिस्ती विचारवंत. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या धर्मचिंतनाची मांडणी केली, आणि त्यातून पुढं ज्याला दलित थिऑलॉजी म्हणतात ती उभी राहिली. ख्रिस्त स्वतः दलित होता, असं ते म्हणाले. हे बोलायला त्या चर्चमध्ये छाती लागते, कारण चर्चमध्येही जात गेली नाही, लग्नं जातीतच होतात. पण त्यांनाही माझा तोच प्रश्न. देव दलित झाला, बरं झालं, आमच्यात एक वाढला. पुढं?

* * *

आता त्या हसण्याची लाज.

माझी एक मावशी ख्रिस्ती आहे. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, तिकडं आपल्यातले बरेच लोक मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले, त्यातलं तिचं सासर. तिचा थोरला पोरगा एका ठेकेदाराकडं कामाला होता. गटारात उतरवला. दोरी नाही, तोंडाला काही नाही. वर आला तो मेलेलाच. ख्रिस्ती असल्यानं तो कागदावर अनुसूचित जातीत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आधी हिंदूच होते, १९५६ साली शीख आले, १९९० साली आपण बौद्ध आलो, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणून अॅट्रॉसिटीचं कलम लागलं नाही. गटार साफ करायला जात बघून उतरवला, कायद्यापुढं मात्र जात पुसली.

मातीच्या वेळी पाळक म्हणाले, ही प्रभूची योजना, आपल्याला आज कळत नाही. मला संताप आला. तिसऱ्या दिवशी मी मावशीला सुनावलं, "मावशी, हा कसला देव गं? पोर नेलं आणि वरून योजना म्हणतो. सोड ते चर्च." माझ्या बोलण्यात सगळी चळवळ होती आणि माणूस नव्हता. ती शांतपणे म्हणाली, "पाळकसाहेबांना मी तिथंच सांगितलं, साहेब, ती योजना ठेकेदाराची. प्रभूचं नाव नका घालू त्यात. आन् बाळा, चर्चला नाही गेले तर मला रात निघत नाही. कलेक्टर कचेरीत नाही गेले तर दिस निघत नाही. यातलं कोणतं एक तू मला सोडायला सांगतोस?"

मी गप्प बसलो. सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या वारसाला २०१४ साली दहा लाख ठरवले, २०२३ साली तीस लाख केले. हा कागद तिला कुणी दिला? मी नाही दिला. चर्चच्या बायांच्या मंडळातल्या एका शिकलेल्या पोरीनं दिला. त्या बाया तिच्याबरोबर कचेरीत जाऊन बसल्या. मी देव नाही हे सिद्ध करत बसलो होतो.

तेव्हा अभ्यासवर्गातल्या त्या पोराला माझं उत्तर असं. येशू घरात घे असं मी म्हणत नाही, मी स्वतः घेणार नाही. पण कुणाची श्रद्धा तपासायची तर ती देव मानते की नाही यावर तपासू नको. ती पेटीचं झाकण लावते की उघडते, यावर तपास. पाळकाची श्रद्धा झाकण लावत होती, मावशीची उघडत होती. चर्च एकच, बायबल एकच.

आणि हीच कसोटी आता आपल्याला लावू. आपण काय कमी आहोत? नामांतराच्या लढ्यात १९७८ साली पोचिराम कांबळेंना मारलं. १९९३ साली गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीनं दहा माणसं मेली. दरवर्षी आपण फोटोला हार घालतो आणि म्हणतो, रक्त वाया गेलं नाही, हौतात्म्यातून चळवळ उभी राहिली. हे किंगचंच वाक्य झालं ना? फक्त क्रूसाच्या जागी निळा झेंडा. त्या घरांचं पुढं काय झालं, पोरं शिकली का, खटले कुठं अडकले, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? हारानंही झाकण लागतं, मित्रांनो.

म्हणून हे पक्कं धरा. आपल्या माणसाच्या मरणात अर्थ नव्हता. पोचिरामच्या मरणात नव्हता, खैरलांजीच्या नव्हता, माझ्या मावसभावाच्या नव्हता. ते व्हायलाच नको होतं, बस. मागं राहिलेले जे करतील तेवढाच काय तो अर्थ. आणि यातल्या कुठल्याही पोरानं चळवळीसाठी मरायचा विचार करू नये. चळवळीला फोटो पुष्कळ आहेत. कचेरीत जाऊन बसणारी जिवंत माणसं कमी आहेत.

पुढच्या तारखेला मावशीबरोबर मी जाणार आहे. कोनचं पुस्तक माझ्याकडं आहे, ज्याला हवं त्यानं न्यावं आणि भांडायला परत यावं.

जयभीम.